राणीचं ऑपरेशन आणि पाच वर्षांचा हिशोब

मी लोकांच्या घरखर्चाचे हिशोब लावून देते. ही अशाच एका घराची आणि त्यांच्या राणी या कुत्रीची गोष्ट. प्राण्यांची डॉक्टर नाहीये, त्यामुळे खाली औषधपाण्याचं जे आलंय ते या घरच्या कुत्रीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मी नंतर वाचून ताडून घेतलेलं आहे. नावं बदललीत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, राणीचं नावही राणी नाहीये. घरच्यांना विचारूनच लिहितेय, त्यांची अट एकच होती, "आम्हाला येडं दाखवू नका." ते येडे नाहीतच, चांगले हिशोबी लोक आहेत, आणि तरी असं झालं म्हणूनच लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

घरात चौघं. दादा आणि ताई हे नवरा-बायको, दोघंही नोकरी करतात, दादांची आई म्हणजे आजी, आणि मुलगी छोटी, जी आता तेरा वर्षांची आहे पण घरात अजून छोटीच. २०२० मध्ये सगळे घरात कोंडलेले होते, छोटी दिवसभर स्क्रीनसमोर आणि उरलेला वेळ रडवेली, तेव्हा कुत्रा आणायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, दादांच्या ऑफिसातल्या एकाकडे लॅब्राडॉरची पिल्लं झाली होती, फोटो आला, संध्याकाळी "नुसतं बघून येऊ" म्हणून सगळे गेले आणि येताना आठ आठवड्यांची राणी छोटीच्या मांडीवर झोपलेली. त्या वर्षात असं अनेक देशांत अनेक घरांत झालं, त्यात यांचं काही जगावेगळं नाही.

पहिल्या वर्षी खर्च आटोक्यात होता. लसी, जंताचं औषध, पट्टा, भांडं, साधं ड्राय फूड. ताईंनी तो एका वहीत लिहिलाही होता, ती वही मी पाहिली, सुंदर अक्षरात आठ महिन्यांच्या नोंदी आणि मग एकदम कोरी पानं. का थांबलात विचारलं तर म्हणाल्या, "अहो मग ती घरचीच झाली ना, घरच्यांचा कुठे वेगळा हिशोब ठेवतात."

त्याच पहिल्या वर्षात डॉक्टरांनी राणीच्या नसबंदीचं सुचवलं होतं. आजींचं म्हणणं, एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मादीच्या तब्येतीला ते बरं असतं. हा समज खूप घरांत आहे, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की एक वेत झाल्याने तब्येतीचं काही भलं होत नाही. दादांना भूल द्यायचीच भीती, चांगल्या धडधाकट कुत्रीला मुद्दाम कशाला झोपवायचं. ताई म्हणाल्या बोनस आला की करू. बोनस आला, पण तोवर राणीने सोफा कुरतडून आतला स्पंज बाहेर काढला होता, त्यामुळे बोनसमध्ये सोफा आला. नको असं कोणीच म्हटलं नाही हे लक्षात घ्या. पुढच्या हीटनंतर बघू, एवढंच दर वेळी ठरायचं, आणि कुत्रीची हीट, म्हणजे माजावर येणं, साधारण सहा-सात महिन्यांनी येते, म्हणजे हे "बघू" पाच वर्षांत सातेक वेळा म्हणून झालं.

अडचण

२०२५ च्या सुरुवातीला हीट संपून सहाएक आठवडे झाले असतील, राणी खूप पाणी प्यायला लागली. रात्री दोन-दोनदा बाहेर जायला उठवायची. सगळ्यांना वाटलं नवीन फूड खारट असेल. मग सुस्त झाली, एकदा उलटी झाली, पोट बिघडलं असेल म्हणून एक दिवस उपास घातला. दुसऱ्या दिवशी आजींनी तिचं आवडतं बिस्किट पुढे केलं आणि तिने तोंड फिरवलं. लॅब्राडॉरने बिस्किटाला नाही म्हणणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी लॅब आहे त्यांना सांगायला नको.

रात्री नऊ वाजता दवाखाना गाठला. सोनोग्राफीत दिसलं की गर्भाशय पूने भरलंय. याला पायोमेट्रा म्हणतात. हीटनंतर प्रोजेस्टेरॉन हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात बहुतेक वेळा ई. कोलाय जातीचे जंतू वाढतात. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो आणि घरच्यांना किमान कळतं तरी, राणीचं बंद होतं, त्यामुळे सगळं आतच साठत गेलं. त्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ते पाणी पिणं. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी साधारण चारातल्या एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार झालेला दिसला. म्हणजे हे काही लाखात एक प्रकरण नव्हतं.

डॉक्टरांनी अंदाज कागदावर लिहून दिला. या घराचा अख्ख्या महिन्याचा जो खर्च, त्याच्या सव्वापट. नियोजित नसबंदी केली असती तर त्याच्या पाचवा हिस्साही लागला नसता, कारण आता सलाईन, रक्ताच्या तपासण्या, रात्रीचं ऑपरेशन आणि तीन दिवस ॲडमिट असं सगळं आलं. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, पण ते मागच्याच महिन्यात घराच्या दुरुस्तीत गेलेले, परत भरायचे राहिलेले.

त्या रात्रीचे पर्याय

दवाखान्याच्या बाकावर बसून दादा-ताईंनी काय काय बोललं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं पूर्ण जुळत नाही, तरी पर्याय साधारण असे होते.

ऑपरेशन न करता औषधांवर प्रयत्न करता येतो का हे दादांनी विचारलं. काही जनावरांत हार्मोनची औषधं देऊन गर्भाशय रिकामं करतात, पण ते मुख्यतः जिची पुढे पिल्लं हवी आहेत तिच्यासाठी, पुढच्या हीटनंतर आजार परत येऊ शकतो, आणि तोंड बंद असताना तर जोखीम फारच. डॉक्टर सरळ बोलले, सकाळची वाट बघू नका. न करण्याचा पर्याय म्हणजे तिला शांतपणे कायमचं झोपवणं, हे डॉक्टरांनी नियमाप्रमाणे एकदा उच्चारलं आणि दादा उठून बाहेर गेले. तो विषय तिथेच संपला.

मग प्रश्न राहिला फक्त पैसा कुठून. दादांचा भाऊ लगेच देईल असा, पण ताईंना ते नको होतं, "कुत्रीसाठी हात पसरला" हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं. छोटीच्या नावाने केलेली एक मुदत ठेव होती, ती फोनवरून दहा मिनिटांत मोडता आली असती, थोडं व्याज बुडलं असतं इतकंच. आणि क्रेडिट कार्ड होतं. कार्ड घासलं.

त्या क्षणी कार्ड घासलं यात मला काही चूक दिसत नाही, रात्री साडेदहाला समोर कण्हणारी कुत्री असताना कोण व्याजाचे दर ताडून बघणार. चूक पुढे झाली. बिल आलं तेव्हा ठेव तशीच होती, आणि तरी त्यांनी फक्त कमीत कमी रक्कम भरली, पुढच्या महिन्यातही तेच. कार्डाच्या थकलेल्या रकमेवरचं व्याज ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाच्या कितीतरी पट असतं हे दोघांनाही माहीत आहे, दादा तर अकाउंट्समध्येच आहेत. पण ती ठेव "छोटीची" होती. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी याला मेंटल अकाउंटिंग असं नाव दिलंय, म्हणजे पैसा सगळा एकच असतो पण आपण डोक्यात त्याचे डबे करतो आणि एका डब्याला आग लागली तरी दुसऱ्यातलं पाणी ओतत नाही. राणीसाठीचा डबा मात्र कधीच नव्हता, ती "घरचीच" होती ना.

हिशोब काढला तेव्हा

मला बोलावलं ते ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी, कार्डाच्या व्याजाचा आकडा बघून. राणी तोवर ठणठणीत झाली होती, मी गेले तर माझ्या पिशवीत तोंड घालून बसली. बँकेची आणि कार्डाची बारा महिन्यांची स्टेटमेंट काढली, छोटी मार्कर घेऊन राणीच्या ओळी पिवळ्या करत होती. आधी मजेत करत होती, चौथ्या पानापासून गप्प झाली, कारण पानंच्या पानं पिवळी होत होती.

वहीतल्या पहिल्या वर्षी घरात येणाऱ्या शंभरातले ३ राणीवर जात होते. आता, ऑपरेशनचं बिल बाजूला ठेवूनसुद्धा, ९ जात होते. मधल्या काळात दोघांचे पगार वाढलेत, म्हणजे प्रत्यक्ष वाढ तिपटीहून जास्त. राणीवरच्या शंभरातले ५२ खाण्यावर, त्यातले १७ निव्वळ ट्रीट, च्यूस्टिक, वरून घालायच्या ग्रेव्ही असल्या गोष्टींवर. १९ ग्रूमिंगवर. १४ खेळणी, कपडे, बिछाने. ८ गावाला गेल्यावर तिला ठेवायच्या हॉस्टेलवर. आणि डॉक्टर, लस, औषधं मिळून ७.

तुलनेला आकडे फार घरांचे नसतात, पण अमेरिकेतली एपीपीए ही पाळीव प्राण्यांच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना दर वर्षी प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये तिथे पाळीव प्राण्यांवर १४७ अब्ज डॉलर खर्च झाला, त्यात खाणं आणि ट्रीट ६४.४, डॉक्टर आणि त्यांच्याकडची औषधं-उत्पादनं ३८.३. म्हणजे शंभरातले साधारण ४४ आणि २६. तिथे डॉक्टर महाग आहेत, त्यामुळे २६ हे कोणाला गाठायचं टार्गेट म्हणून मी सांगत नाहीये, आणि निरोगी कुत्र्याच्या एखाद्या वर्षात डॉक्टरवर कमी जाणं हे चांगलंच. पण ७ आणि १९, म्हणजे डॉक्टरच्या जवळपास तिप्पट पार्लरवर, आणि तेही लॅब्राडॉरच्या, जिचे केस आखूड असतात आणि जिला घरी ब्रश केला, गरज पडली तर आंघोळ घातली आणि नखं वेळेवर कापली तरी भागतं. हे बघून दादा हसले, ताई नाही हसल्या.

मग एकेक ओळ कुठून आली ते शोधत गेलो आणि मला या सगळ्यात खरं रस वाटला तो इथे. ग्रूमिंगचं बारा महिन्यांचं पॅकेज होतं, आपोआप रिन्यू होणारं. दर महिन्याला एक सरप्राईज बॉक्स यायचा, खेळणी आणि ट्रीट भरलेला, तो छोटीच्या वाढदिवसाला तीन महिन्यांसाठी घेतला होता आणि अडीच वर्षं चालू होता. फूड ऑटो डिलिव्हरीवर, राणीने संपवलं नाही तरी पुढची गोणी दारात, मग संपवायचं म्हणून भांडं वर भरलेलं. ज्या खर्चाला एकदा हो म्हटलं की पुन्हा विचारावं लागत नाही तो प्रत्येक खर्च वाढलेला होता. आणि ज्याला तारीख घ्यावी लागते, सुट्टी काढावी लागते, चौघांचं एकमत लागतं, असा एकच खर्च होता, नसबंदी, तो पाच वर्षं अडकून पडला. पैशाअभावी नव्हे, कारण त्या पाच वर्षांतल्या नुसत्या सरप्राईज बॉक्समध्ये दोन कुत्र्यांची नसबंदी झाली असती. दादांनी हा गुणाकार स्वतः कॅल्क्युलेटरवर केला, मी सांगितलं नव्हतं.

फूडचीही एक गंमत. दोन वर्षांपूर्वी ताईंनी साधं फूड सोडून ग्रेन-फ्री घेतलं, जवळपास दुप्पट महाग. का, तर पाकिटावर लांडग्याचं चित्र आणि धान्य कुत्र्यांना पचत नाही असं कुठेतरी वाचलेलं. खरंतर बहुतेक कुत्र्यांना शिजवलेलं धान्य व्यवस्थित पचतं. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, अशा काही फूडचा कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती, २०२२ च्या शेवटी त्यांनी म्हटलं की कारण म्हणून सिद्ध करण्याइतका डेटा नाही. म्हणजे ते वाईटच असं नाही, पण राणीला गरज नसताना दुप्पट पैसे मोजायलाही काही आधार नव्हता. डॉक्टरांना विचारलं होतं का, तर नाही, डॉक्टरांकडे वर्षातून एकदाच जाणं व्हायचं, लसीला, पाच मिनिटं.

पुढे काय करायचं, त्यावरचं भांडण

पहिला मुद्दा ठेवीचा. मी म्हटलं मोडा आणि कार्ड आज फेडा, यात विचार करण्यासारखं काही नाही. दोन संध्याकाळी यावर गेल्या. ताईंना ते मुलीच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये, ती भावना खरी असते, तिला आकड्यांनी उत्तर देऊन उपयोग नसतो. शेवटी असं ठरलं की ठेव मोडायची पण दादांनी वहीत छोटीच्या नावाने लिहून द्यायचं, अमुक इतके घेतले, दर महिन्याला इतके परत. कार्डाला जो हप्ता जाणार होता तोच आता छोटीच्या खात्यात. छोटीने खाली सही घेतली आणि वर "उशीर झाल्यास दंड" असंही लिहिलं.

दुसरा मुद्दा बंद काय करायचं. बॉक्स आणि ऑटो डिलिव्हरी दहा मिनिटांत बंद झाल्या, कोणी हूं की चूं नाही, राणीने तर नाहीच. ग्रूमिंग तीन महिन्यांतून एकदा, मधे घरी. कपडे पूर्ण बंद.

खरं भांडण ट्रीटवरून. राणीचं वजन ३७ किलो होतं, तिच्या चणीला ३० बरं असं डॉक्टरांचं मत. त्यात नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणजे आता काही केलं नाही तर चाळीशी गाठणार. डॉक्टरांनी गणित मांडलं, ७० गुणिले वजनाचा पाऊण घात, ३० किलोला ते साधारण ९०० कॅलरी येतं, वजन उतरवायला दिवसाला तेवढ्यापासून सुरुवात. ट्रीट त्यातल्या दहाव्या हिश्श्यात बसवायच्या, म्हणजे ९०. जी च्यूस्टिक आजी रोज दुपारी द्यायच्या तिच्या पाकिटावर एका कांडीचेच ११० लिहिलेले होते, आणि दुपारची एक हे झालं अधिकृत.

आजी दुखावल्या. दिवसभर घरात त्या आणि राणी दोघीच असतात, देणं-घेणं म्हणजे त्यांचं बोलणंच आहे ते. दादा ओरडले, "आई, तू तिला मारतेयस," जे बोलायला नको होतं. आजी म्हणाल्या, "ती भुकेली बघते माझ्याकडे, तुम्ही नसता तेव्हा." आता यात आजींचंही थोडं बरोबर आहे, लॅब्राडॉर खादाड असतात यामागे काही अंशी जनुक आहे, २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात एक बदल सापडला जो भूक आणि वजन वाढण्याशी जोडलेला आहे. ती नजर नाटकी नसेलही. पण दुसरीकडे ४८ लॅब्राडॉरवर प्युरिना या फूड कंपनीने जन्मभर केलेला एक प्रयोग आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला देत होते, आणि कमी खाणाऱ्यांतले निम्मे १३ वर्षांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्यांतले निम्मे ११.२ पेक्षा. हे मी आजींना सांगितलं. प्रयोगाचं त्यांना काही पडलं नव्हतं, पण "पावणेदोन वर्षं जास्त" हे त्या दोनदा म्हणाल्या.

तोडगा छोटीने काढला. सकाळीच दिवसभराचं फूड वजन करून काढायचं, त्यातलं मूठभर आजींच्या डब्यात. आजींनी दिवसभरात कितीही वेळा द्यावं, पण त्याच डब्यातून. राणीला हातातून मिळण्याशी मतलब, च्यूस्टिक आहे का रोजचंच फूड याची तिला फार पर्वा नव्हती.

तिसरा मुद्दा, पुढच्या वेळी काय. पगाराच्या दिवशी आपोआप एक रक्कम वेगळ्या खात्यात जाईल असं केलं, वाचलेल्या पैशातला एक भाग. आपोआप होणारेच खर्च या घरात टिकतात हे एव्हाना दिसलंच होतं, मग तीच सवय राणीच्या फंडाला लावली. शिवाय विमा. यावर दादा उत्साही, ताई साशंक. मी पॉलिसी पूर्ण वाचली, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, आधीपासूनचे आजार वगळलेले, दर वर्षी वयाबरोबर वाढणारा हप्ता. तरी मोठ्या ऑपरेशनची भीती ताजी होती, मीही घ्या म्हटलं. घेतला.

काय झालं

वर्षअखेरीस मी परत सगळं बघितलं. राणीवरचा खर्च शंभरातल्या ९ वरून ६ वर आलाय, आणि त्या सहातले दीड फंडात जातात. कार्ड शून्य. छोटीचे हप्ते चालू आहेत, एकदा उशीर झाला आणि दंड वसूल झाला. फूड हळूहळू मिसळत आठ-दहा दिवसांत बदललं, राणीला फरक पडला नाही.

वजन पहिल्या चार महिन्यांत ३३ पर्यंत उतरलं आणि तिथे अडलं. शोध घेतल्यावर कळलं की शेजारच्या घरून रोज संध्याकाळी काहीतरी मिळतंय. ते थांबवताना आजीच पुढे होत्या, हे मला अपेक्षित नव्हतं. शेवटचं वजन साडेबत्तीस.

आणि एक गोष्ट बिघडली. ऑगस्टच्या सुमाराला राणी मागचा उजवा पाय उचलून चालायला लागली. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, थोडा फाटलाय, पूर्ण तुटलेला नाही. विम्याचा क्लेम टाकला आणि नाकारला गेला. २०२३ च्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी फाईलमध्ये एक ओळ लिहिलेली, "मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडते, लक्ष ठेवा." कोणालाच आठवत नव्हती. पॉलिसीत होतं की एका बाजूला आधी त्रास असेल तर दुसऱ्या बाजूचा तोच सांधाही आधीपासूनचाच धरला जाईल, आणि त्याला वैद्यकीय कारण आहे, एका गुडघ्याचा लिगामेंट गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो. तपासण्या, एक्स-रे, दुखण्याची औषधं फंडातून झाली, फंड जवळजवळ रिकामा झाला पण कार्ड बाहेर काढावं लागलं नाही. ऑपरेशनचं डॉक्टर म्हणालेत वजन अजून दोन किलो उतरवा, धावणं-उड्या बंद ठेवा, मग परत बघून ठरवू.

वेगळं काय करता आलं असतं

नसबंदी पहिल्याच वर्षी, हे तर उघडच आहे आणि सगळेच म्हणतात. पण माझ्या मते त्या आधीचा क्षण महत्त्वाचा होता, डॉक्टरांनी सुचवलं त्या दिवशी तिथेच तारीख घेतली असती तर पुढे रद्द करायला निर्णय लागला असता. यांना करायला निर्णय लागत होता, म्हणून ते होत नव्हतं. भूल द्यायची दादांची भीती कोणी डॉक्टरांसमोर बोललंच नाही, ती बोलली असती तर आधी रक्त तपासून घेता येतं वगैरे उत्तरं मिळाली असती, ती पाच वर्षं मनातल्या मनात राहिली.

दोन दिवस वाया गेले ते मला ताईंनी सारखं विचारलं, आमची चूक का. पाणी जास्त पिणं हे लक्षण घरच्यांना कळायला अवघड आहे हे खरं. पण नसबंदी न झालेली मादी, हीट होऊन महिना-दोन महिने, आणि पाणी वाढलंय, खाणं कमी, तर फोन तरी त्याच दिवशी करायला हवा, एवढं आता चौघांना पाठ आहे.

कार्डाच्या बाबतीत, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी राणी ॲडमिट असतानाच ठेवीचं बोलायला हवं होतं. दोन महिन्यांचं व्याज हा निव्वळ न बोलण्याचा खर्च होता.

आणि माझी चूक. मी पॉलिसी ओळ न ओळ वाचली पण राणीची फाईल उघडली नाही. ती डावा-पायवाली ओळ मला आधी दिसली असती तर मी विमा घ्या म्हटलं नसतं, किंवा घेताना कंपनीकडून लेखी विचारून घेतलं असतं की काय काय वगळणार, आणि बहुधा हप्त्याचे पैसेही फंडात टाका म्हटलं असतं. पाच वर्षांच्या जड लॅब्राडॉरच्या बाबतीत गुडघे हा पहिला प्रश्न असायला हवा होता. दादा म्हणाले, "जाऊ द्या, तुम्ही काय डॉक्टर आहात का." नाहीये, पण फाईल वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही. नूतनीकरण करायचं का यावर सध्या दोघांचं एकमत नाही, ताईंना बंद करायचाय, दादांना वाटतं पुढे कॅन्सरबिन्सर काही निघालं तर. मी या वेळी दोन्हीकडचं मांडलं आणि गप्प बसले.

दातांचं राहिलंय, वरचा जबडा तपासताना डॉक्टरांना बराच थर दिसला, त्याला परत भूल द्यावी लागणार. दादांनी या वेळी काउंटरवरच तारीख घेतली, जानेवारीतली, आणि येताना गाडीत सगळ्यांना सांगितलं की ती आता बदलणार नाही.

मधेच छोटीच्या मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झालीत, एक फुकट मिळतंय. घरात मांजर पंधरा-पंधरा वर्षं जगू शकतं हे ताईंनी सांगून झालं, पण साफ नाही म्हटलेलं नाहीये. तेवढ्यावर छोटीने राणीची जुनी वही उलटी करून मागच्या पानापासून मांजराचा हिशोब लिहायला घेतलाय. पहिल्या ओळीत नाव लिहायला जागा सोडलीय, दुसऱ्या ओळीत नसबंदी, आणि तिसऱ्या ओळीत आजींच्या डब्यासारखा अजून एक डबा.